एक दिवस उभी गाडी म्हणजे टनामागे दोनशे रुपये

"काकू, नमस्कार. माझी सेकंडहँड दहाटायरी गाडी आहे. आरसीवर एकूण वजन २८ टन, भरती १८ टन. मी स्वतः चालवतो, सोबत क्लीनर असतो. राहायला विडी घरकुलात. जास्त करून हैदराबाद करतो. ट्रान्सपोर्टवाला टनाला १,३०० देतो. वाढवून मागितले की म्हणतो, 'मागे तीन गाड्या उभ्या आहेत, तुमचं तुम्ही बघा.' नाहीतर म्हणतो, २४ टन भरा, १,२०० ने देतो. परतीला तांदूळ किंवा दुसरा माल ८०० च्या भावाने मिळतो, पण त्यासाठी एक दिवस थांबावं लागतं. महिन्याला सहा फेऱ्या होतात, सव्वादोन लाखांवर भाडं येतं. तरी घरात पंधरा-सतरा हजारांच्या वर काही येत नाही. टायरच्या महिन्यात तेही नाही, मागच्या वेळी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. आता एका टॉवेल कारखान्याची विचारणा आली आहे : भिवंडीला महिन्याला चार फेऱ्या, गाडीला ३२,०००, वर्षभर एकच दर, पैसे ६० दिवसांनी. घेऊ का? आणि हैदराबादला नेमका किती दर मागू? सोबत खर्चाचा कागद जोडला आहे. – एक मोटर मालक, सोलापूर"

भाऊ, नमस्कार.

आमच्या घरी सव्वीस वर्षं मालट्रक होता. स्टिअरिंग ह्यांच्या हातात आणि वही माझ्या. त्यामुळे तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी आधी वही उघडली. घरात पंधरा-सतरा हजार येतात म्हणता, तो आकडा तुमच्याच कागदावरून निघतो का ते बघायचं होतं. निघाला. सहा फेऱ्यांचे १७,३६० रुपये. म्हणजे पैसा कुठे गळत नाही, क्लीनर चोरत नाही, तुमच्या हाताला भोक नाही. तुम्ही जसा धंदा करताय त्यातून तेवढेच उरतात. प्राप्तिकराच्या अंदाजित उत्पन्नाच्या सोयीत जड गाडीला एकूण वजनाच्या टनामागे महिन्याला १,००० रुपये धरतात. तुमच्या २८ टनी गाडीतून तुम्ही २८,००० कमावता असं सरकार मानतं, आणि तुमची स्वतःची मजुरी धरूनसुद्धा तुम्ही तिथवर पोचत नाही.

आता कागद समोर घ्या, मी कसं मांडलं ते सांगते.

गाडी चालो न चालो, काही खर्च उजाडला की सुरू होतात. हप्ता ४२,०००. विमा वर्षाचा ६६,०००, म्हणजे महिन्याला साडेपाच हजार. परमिट, टॅक्स, फिटनेस, पीयूसी मिळून महिन्याला ३,०००. क्लीनर १२,०००. पार्किंग, फोन, जीपीएस दीड हजार. झाले ६४,०००. तुम्ही इथे थांबलात. ड्रायव्हरचा पगार कागदावर कुठेच नाही. उद्या ताप आला आणि बदली ड्रायव्हर बसवला, तर तो फुकट जाणार आहे का? तुमचे २५,००० मी धरले. एकूण ८९,०००. वर्कशॉप, कागदपत्रं, घरचं कार्य हे सोडून महिन्यात गाडीचे २५ दिवस कामाचे म्हटले, तर एका दिवसाचा खर्च ३,५६० रुपये. हा आकडा केबिनमध्ये खडूने लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरणार आहे.

(हप्ता संपला की ४२,००० सुटले असं समजू नका. तेव्हा गाडी म्हातारी झालेली असते. तीच रक्कम पुढच्या गाडीसाठी बाजूला पडली पाहिजे. आम्ही पहिल्या गाडीच्या वेळी ती घरखर्चात जाऊ दिली आणि दुसरी गाडी पुन्हा शून्यातून घ्यावी लागली.)

दुसरा खर्च चाकाचा. भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर देते, डिझेल ९२ धरलंत, म्हणजे किलोमीटरला २३ रुपये. बीएस-६ गाडी, म्हणून धूर साफ करायला लागणाऱ्या यूरियाचे ७० पैसे. टायरचं तुम्ही 'वर्षाला बघू' असं लिहिलंय, तिथेच पाटल्या गेल्या. दहा टायर २२,००० प्रमाणे २ लाख २० हजारांचे होतात. ते ८०,००० किलोमीटर चालले तर दर किलोमीटरला पावणेतीन रुपयांचं रबर तुम्ही रस्त्यावर ठेवून येता. ते पैसे त्याच फेरीत वेगळे काढायचे, टायर फुटेपर्यंत थांबायचं नाही. ऑइल, ग्रीस, ब्रेक, क्लच यांचे २ रुपये. भरलेल्या गाडीचं किलोमीटर २८ रुपये ४५ पैशांना पडतं, रिकाम्याचं साधारण २२ ला.

आता तुमची हैदराबादची फेरी. जायचे ३१० किलोमीटर, भरून ८,८२०. यायचे तेवढेच, भरून ८,८२०. तुमच्या फास्टॅगप्रमाणे टोल २,६००. जेवणखाण, काटा, किरकोळ मिळून २,०००. दोन्हीकडची दलाली २,०००. आणि चार दिवस : एक भरायचा, एक पोचून खाली करायचा, एक परतीच्या मालाची वाट बघण्याचा, एक यायचा. चार दिवसांचे १४,२४०. बेरीज ३८,४८०.

भाडं किती आलं? जाताना १८ गुणिले १,३००, म्हणजे २३,४००. येताना १८ गुणिले ८००, म्हणजे १४,४००. एकूण ३७,८००.

दोन्ही बाजूंनी भरून आलात, कुठे पंक्चर नाही, कुठे दंड नाही, आणि तरी फेरीला ६८० रुपये कमी. तुम्हाला हे दिसत नाही, कारण डिझेल, टोल, जेवण आणि दलाली वजा जाता फेरीला जवळजवळ सतरा हजार हातात खुळखुळतात. त्यातलं टायरचं, विम्याचं, हप्त्याचं आणि तुमच्या स्वतःच्या कष्टाचं काय काय आहे, ते त्या नोटांवर लिहिलेलं नसतं.

आता मला खरं सांगायचंय ते हे. चारऐवजी तीनच दिवस लागले असते तर? एक दिवस कमी म्हणजे ३,५६० कमी, खर्च ३४,९२०. त्याच १,३०० च्या दरात फेरीला ६८० चा तोटा जाऊन २,८८० चा नफा झाला. ३,५६० ला १८ टनांनी भागा, १९८ येतात. एक दिवस गेटवर उभं राहणं म्हणजे टनामागे दोनशे रुपये सोडून देणं. तुम्ही ट्रान्सपोर्टवाल्याशी पन्नास रुपयांसाठी अर्धा तास भांडता, आणि हैदराबादला बाजेवर पडून दोनशे जाऊ देता. तुम्हाला दोष देत नाही. गाडीवाले सगळेच दर किलोमीटरने आणि टनाने मोजतात, दिवसाने मोजायला कुणी शिकवलेलंच नसतं. आम्हालाही नव्हतं. एका मोठ्या गोदामाच्या दाराशी आमची गाडी चार दिवस उभी होती, आत जागा नाही म्हणून. पाचव्या दिवशी माल उतरवून घेतला, ठरलेलं भाडं दिलं, चहा पाजला. ह्यांना वाटलं, माणसं चांगली आहेत. मी वहीत ते चार दिवस मांडले तेव्हा त्या फेरीत आपण घरातून पैसे घालून त्यांचा माल पोचवलाय हे कळलं.

महिन्याचा हिशेब तर याहून बोलका आहे. सहाच्या जागी सात फेऱ्या बसल्या, दर तोच, तर तुमच्या घरात १७,३६० ऐवजी ३०,९२० येतात. आठ बसल्या तर ४४,४८०. ही वाढ कुणाकडे हात पसरून मिळवलेली नाही.

पण एक गोष्ट निक्षून सांगते. हा दिवस गेटवर वाचवायचा आहे, झोपेतून नाही. रात्रभर चालवून सकाळी खाली करायचं आणि तसंच परत फिरायचं, असं करून आठवी फेरी बसवणार असाल तर सहाच करा. तुमची बायको पाटल्या देऊन बसली आहे, तिच्याकडून आणखी काही मागू नका.

गेटवर कसा वाचवायचा? परतीचा माल सोलापूर सोडण्याआधी बोलून ठेवायचा. हैदराबादला पोचून, गाडी खाली करून, मग ऑटोनगरात दलालाकडे गेलात की तो तुमच्या तोंडाकडे बघूनच दर पाडतो, आणि दिवसही जातो. दोन-तीन ट्रान्सपोर्टवाल्यांना आदल्या दिवशीच फोन करा, कुठल्या वेळेला मोकळे होणार ते सांगा. आणि शहरातूनच माल उचलायचा हट्ट धरू नका. पटानचेरू, झहीराबाद, हुमनाबाद ही तिन्ही ठिकाणं तुमच्या परतीच्याच ६५ नंबर हायवेवर आहेत, तिन्हीकडे कारखाने आहेत. तिथला माल टनाला ७०० ने मिळाला, म्हणजे १,८०० रुपये कमी आले, पण एक दिवस वाचला, तर तुम्ही १,७६० ने वर आहात. तिसरं, भरतीचा वार बघा. शुक्रवारी दुपारी भरलेली गाडी शनिवारी संध्याकाळी गेटला लागते आणि रविवार तिथेच जातो. शुक्रवारच्या मालाला दर जास्त मागा किंवा तो माल सोडा. चिंचोळी एमआयडीसीत सकाळी दहाला बोलावून संध्याकाळी सातला भरतात, हे तुम्ही लिहिलंय. तुम्ही विडी घरकुलातून, जड वाहतुकीच्या वेळा सांभाळत, पूर्वेकडून शहर ओलांडून पश्चिमेला जाणार आणि मग पुन्हा पूर्वेला हैदराबादकडे वळणार. ते रिकामे किलोमीटर आणि तो दिवस दोन्ही तुमचेच. माल तयार आहे का हे विचारल्याशिवाय गाडी हलवू नका.

परतीच्या मालासाठी किती थांबायचं, तेही मांडता येतं. रिकामं परत येण्यापेक्षा ८०० चा माल घेऊन येण्यात १४,४०० जास्त मिळतात. त्यातून भरलेल्या गाडीचा जादा खर्च २,००० आणि दलाली १,००० गेली. उरले ११,४००. एक दिवस थांबलात तर ७,८४० सुटतात, दोन दिवस थांबलात तर ४,२८०, तीन दिवसांनी ७२०. चौथ्या दिवशी तोटा. म्हणून तिसऱ्या दिवशी माल मिळणार नाही असं दिसलं की दुसऱ्याच दिवशी निघा. एवढं मात्र लक्षात ठेवा की सोलापुरात पुढचं भाडं वाट बघत असेल तरच तो दिवस ३,५६० चा असतो. भर पावसाळ्यात, इथेही गाडी झाडाखालीच उभी राहणार असेल, तर तिथे आणखी एक दिवस थांबलं म्हणून बिघडत नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत, सोलापूर बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, हैदराबाद-बंगळुरू-चेन्नईकडे माल न्यायला गाडी मिळत नाही, साखर कारखानेही चालू असतात, तेव्हा तुमचा एक दिवस ३,५६० पेक्षा खूप महाग असतो. त्या दिवसांत परतीच्या मालासाठी एक रात्रसुद्धा थांबू नका, रिकामे या आणि इथला चढा दर घ्या.

आता तुमचा प्रश्न, दर किती मागू. हैदराबादसाठी तीन आकडे खिशात ठेवा, तिन्हींत तुमची मजुरी धरलेली आहे. परतीचं ८०० चं भाडं हातात आहे आणि फेरी तीन दिवसांत होणार आहे, तर खर्च भागवणारा दर १,१४०. परतीचं भाडं आहे पण चार दिवस लागणार, तर १,३४०. परत रिकामं यायचं आहे, तर तीन दिवसांच्या फेरीलासुद्धा १,७७५. तुम्हाला मिळणारे १,३०० चांगले की वाईट हे नुसत्या दरावरून कळत नाही. तीन दिवसांत बरे आहेत, चार दिवसांत तोट्याचे, आणि परतीचा माल नसेल तर घर धुऊन नेणारे. आणि मंदीत, गाडी नुसती उभी राहण्यापेक्षा काहीतरी हाती यावं म्हणून जाताय आणि रिकामेच परतणार आहात, तरी १,१८० च्या खाली जाऊ नका. त्याखाली डिझेल, टोल आणि टायरसुद्धा निघत नाही.

हे झाले भागवणारे दर. मागायचा दर वेगळा. चार दिवसांच्या खर्चावर बारा टक्के नफा आणि वाईट महिन्याची तजवीज धरली, तर १,६०० मागा. दर वेळी मिळणार नाहीत. एकटा गाडीवाला बाजाराचा दर ठरवत नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण १,६०० मागून १,४५० वर येणारा आणि १,३०० ऐकून मान हलवणारा, यांच्यात महिन्याच्या शेवटी सोळा हजारांचा फरक पडतो. आणि 'मागे तीन गाड्या उभ्या आहेत' हे ऐकलं की घाबरण्याऐवजी खिशातला आकडा बघायचा. त्या तीन गाड्या खरंच असतीलही. त्यांतल्या एकाने १,२०० ला माल उचलला तर उचलू द्या, तुमच्या आकड्याखालचा माल दुसऱ्याच्या गाडीत गेला म्हणून तुमचं काही गेलं नाही.

तोंडी बोलू नका. दर ठरला की लगेच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि समोरून 'ओके' घ्या. साधारण असं :

"हैदराबाद, १८ टन, टनाला १,६००. भरती-उतराईची हमाली आणि वाराई पार्टीकडे. गाडी गेटला लागल्यापासून २४ तास मोकळे, त्यापुढे दिवसाला ३,६०० हॉल्टिंग (गाडी उभी ठेवल्याचे पैसे). ८० टक्के ॲडव्हान्स भरतानाच, बाकी पोच दिल्यापासून ७ दिवसांत. माल मोजून घेतला-दिला, घटीची कपात भाड्यातून नाही."

गेटला लागल्यावर घड्याळासकट फोटो काढून त्याच नंबरवर टाका, नाहीतर हॉल्टिंगचं भांडण तुमच्या शब्दावर राहतं. हमालीबद्दल महाराष्ट्रातले गाडीवाले 'ज्याचा माल त्याचा हमाल' म्हणत आले आहेत ते अगदी रास्त आहे, पण ते भरायच्या आधी लिहून घेतलं तरच उतरवताना उपयोगी पडतं. घटीचं मुद्दाम लिहिलं, कारण कांदा वाटेत सुकतो, वजन उतरतंच, आणि व्यापारी ते तुमच्या बाकीतून कापतो. सुकण्याचा दोष गाडीचा नाही.

२४ टनांचं. पासिंग १८ चं आहे, तर सहा टन जास्त. १,२०० ने २८,८०० मिळतील, म्हणजे ५,४०० जास्त. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला, तेव्हापासून जादा वजनाला २०,००० दंड आणि वर दर जादा टनाला २,०००. सहा टनांचे ३२,०००. शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा, तो खर्च तुमचा. जाण्याचं सगळं भाडं दिलं तरी दंड फिटत नाही. आणि अपघात झाला तर विमा कंपनी वजनपावती आधी मागेल. तुमच्या मागे उभ्या असलेल्या तीन गाड्या २४ टन भरायला तयार होतात म्हणूनच तुमचा १८ टनांचा दर पडतो, हेही लक्षात घ्या. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ॲक्सलवरचं मान्य वजन वाढवलं, तेव्हा असंच झालं होतं : देशातल्या गाड्यांची ताकद एकदम वाढली, माल होता तेवढाच राहिला, आणि भाडी खाली आली. जादा भरण्याने आपण आपल्याच दराचा गळा दाबतो.

आता टॉवेलवाले. टॉवेलच्या गाठी वजनाला हलक्या, जागा जास्त खातात. नऊ-दहा टनांतच गाडी ताडपत्रीपर्यंत भरते. म्हणून गाडीवर दर ठरवलाय ते बरोबर केलंत, टनावर कधीही घेऊ नका. पण ३२,००० मी मांडून बघितले. भिवंडी चारशे किलोमीटर. हलकी भरलेली गाडी जाताना साधारण ९,९२०, रिकामी येताना ८,८००, टोल ५,००० धरला, किरकोळ २,०००, आणि घाट, गोदामाचा नंबर, सगळं धरून चार दिवसांचे १४,२४०. झाले ३९,९६०. रिकामे परतलात तर फेरीला आठ हजारांचा खड्डा. भिवंडीहून सोलापूरकडे माल मिळतो, पंधरा हजारांचं भाडं लागलं तर जादा खर्च जाऊन साडेतीन हजार उरतात. म्हणजे हा करार टॉवेलच्या भाड्यावर नाही, परतीच्या भाड्यावर उभा आहे. करार करण्याआधी भिवंडीतला परतीचा माणूस पक्का करा.

६० दिवसांची उधारी माझ्या मनाला अजिबात पटत नाही. चार फेऱ्यांचे महिन्याला १,२८,०००, दोन महिन्यांचे २,५६,००० त्यांच्याकडे अडकून राहणार. तेवढं डिझेल-टोल तुम्ही कशातून भरणार? तुम्ही शेकडा दोनने पैसे उचलता असं कागदावर आहे, तर एका फेरीच्या ३२,००० वर दोन महिन्यांचं व्याज १,२८० होतं. ते दरातून गेलं. तुम्ही उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेली नाही, ती या आठवड्यात करा, घरबसल्या होते आणि पैसे लागत नाहीत. सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढे लांबवता येत नाहीत, आणि लांबवले तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने, असा २००६ च्या कायद्यात नियम आहे. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून अशी थकवलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत कारखान्याला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यांच्या सीएला हे माहीत असतं. धमकी म्हणून काढू नका. 'साहेब, माझी उद्यम नोंदणी आहे, ४५ च्या आत बसवू या' एवढं म्हणा. मी म्हणेन निम्मे भरताना आणि निम्मे ३० दिवसांत मागा, मग ४५ वर या. आणि थेट त्यांच्याकडे जाताय, तेव्हा बिल्टी (माल वाहतुकीला घेतल्याची पावती) स्वतः फाडण्याआधी तुमच्या सीएला विचारा. बिल्टी काढणारा जीएसटीत मालवाहतूक एजन्सी ठरतो, नुसत्या गाडीमालकाच्या भाड्याला जीएसटी नाही.

वर्षभर एकच दर हे तर मुळीच नको. जून २०१७ पासून तेल कंपन्या डिझेलचा भाव रोज बदलू शकतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेल शंभरीपार गेलं, पुढच्याच महिन्यात केंद्राने अबकारी शुल्क लिटरला १० रुपयांनी उतरवलं. त्या वर्षी बांधील दराने गाड्या लावलेल्या कितीतरी माणसांना मी हप्ते चुकवताना बघितलं. भिवंडीच्या फेरीला तुम्हाला सुमारे १८० लिटर लागतं. म्हणून करारात एक ओळ घाला : डिझेल ९२ धरून दर ठरला आहे, लिटरला रुपया वाढला की फेरीमागे १८० रुपये वाढतील, रुपया उतरला की १८० कमी होतील. उतरल्यावर कमी करायची तयारी दाखवलीत की कारखानदार सहसा नाही म्हणत नाही.

तेव्हा टॉवेलचं काम घ्या, पण ३४,००० वर, डिझेलच्या ओळीसह, ४५ दिवसांत पैसे, आणि आधी तीन महिन्यांसाठी. महिन्याला चार नाही, दोन फेऱ्या. चार घेतल्या तर २५ पैकी १६ दिवस एकाच माणसाच्या हातात जातात, आणि कांद्याच्या हंगामात तुमच्याकडे मोकळी गाडीच उरत नाही. यातल्या उधारीवर आणि डिझेलवर ते तयार नसतील तर सोडून द्या. दरात हजार-पाचशे इकडेतिकडे झाले तर चालेल.

शेवटी वही. तुम्ही लिहिलंय की बायको बारावी झालेली आहे आणि घरचा हिशेब तीच ठेवते. गाडीची वहीही तिच्याकडे द्या. एका फेरीला एक पान, वर निघाल्याची तारीख-वेळ, खाली परत आल्याची, आणि मध्ये गेटवर किती तास गेले ते. टायरचे पावणेतीन रुपये किलोमीटर गुणून त्याच संध्याकाळी वेगळ्या खात्यात टाकायचे. ६२० किलोमीटरचे १,७०५ होतात. पाटल्या त्यातूनच सुटतील असं नाही, पण पुढचे टायर पाटल्यांवर येणार नाहीत. पहिल्या सहा फेऱ्यांची पानं भरली की त्यांचे फोटो मला पाठवा. हॉल्टिंग किती वेळा मागितलं आणि किती वेळा मिळालं, ते त्यात वेगळं लिहा.